वाढदिवसाला साप बोलवावा का?

तुमच्या घरात किंवा शेजारी चार-सहा वर्षांचे एखादे मूल असेल, तर त्याचे आवडते प्राणी कोणते हे त्याला एकदा विचारून पाहा. हत्ती आणि ससा येतीलच. पण पुष्कळदा साप, मगर आणि डायनोसॉर ही मंडळी यादीत त्यांच्याही वर असतात. मोठ्या माणसांना ज्यांची किळस येते, नेमके तेच प्राणी मुलांना का आवडावेत, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे आणि तो मी त्या विषयाच्या जाणकारांवर सोपवतो. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. हल्ली वाढदिवस एखादा विषय धरून साजरा करण्याची पद्धत पडली आहे. कुणी अवकाशयान घेतो, कुणी जंगल घेतो, आणि आता कुणी ‘सरपटणारे प्राणी’ हा विषय घेऊ लागला आहे. अशा वेळी आखणीचे काम बहुधा घरातल्या दादावर किंवा ताईवर, म्हणजे तुमच्यावर येते. ते तुम्ही कसे करावे?

माझे मत आधीच सांगून टाकतो. विषय उत्तम आहे. पण तो ज्या तऱ्हेने साजरा होतो, ती तऱ्हा मला मुळीच पसंत नाही.

नेहमीची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातून डझनभर रबरी साप आणि प्लॅस्टिकच्या पाली आणायच्या. त्या उशीखाली, डब्यात, खुर्चीवर दडवून ठेवायच्या. ज्याला जास्त साप सापडतील त्याला बक्षीस. मग एखादे मूल साप गळ्यात घालते, दुसरे तो मावशीच्या अंगावर फेकते, मावशी किंचाळतात आणि सगळे हसतात. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही.

आता यापुढे काही आकडे ठेवतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा आहे की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत एक-चतुर्थांशाहून अधिक संख्या १५ वर्षांखालील मुलांची होती. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांत झाले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांपैकी फुरसे तर इतके लहान की, दीड-दोन फुटांचे झाले म्हणजे मोठे म्हणायचे. रंग मातकट, दगडाच्या आडोशाला वेटोळे करून बसण्याची सवय. बाजारातला रबरी साप किती लांबीचा असतो, ते आठवून पाहा.

पाच वर्षांच्या मुलाचे ज्ञान हे हाताचे ज्ञान असते. गरम भांडे त्याला हात लावल्यावर कळते. बर्फ हातात धरल्यावर कळतो. अशा मुलाला आपण दिवसभर शिकवतो, की आडोशाला दडलेला साप शोधायचा, पटकन उचलायचा आणि उचलला की बक्षीस मिळते. मग आठ दिवसांनी अंगणातल्या विटांच्या ढिगाऱ्यात त्याला तोच आकार दिसला तर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? ‘हा खरा आणि तो खोटा’ हा विवेक तुम्हा-आम्हाला सोपा वाटतो. सातवी-आठवीच्या मुलाला तो जमेल. पाच वर्षांच्या मुलावर तो भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. कुणीतरी पेटारीवाल्याला किंवा हौशी सर्पमित्राला बोलावून खराखुरा साप दाखवायचा. एक तर ते बेकायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, अजगर, घोरपड अशा प्राण्यांना संरक्षण दिलेले आहे. त्यांना पकडून त्यांचे खेळ करणे हा गुन्हा ठरतो. शिवाय पेटारीतल्या नागाचे दात अनेकदा मोडलेले असतात, कधी तोंडही शिवलेले असते. तो फार दिवस जगत नाही. ‘पण सर्पमित्र मुलांची भीती घालवतात,’ असे काही पालक म्हणतात. जे सर्पमित्र घरात शिरलेला साप पकडून वनखात्याच्या नियमाप्रमाणे सोडून येतात, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. मात्र त्यांच्या अनुभवाची वर्षे मुलाला दिसत नाहीत. त्याला दिसते ते एवढेच, की काकांनी साप हाताने उचलला आणि काकांना काही झाले नाही. आणि अनुभवी काकांनाही कधीकधी होते. सर्पमित्र दंशाने दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

मग साप वर्ज्यच करावा का? नाही. तसे केले तर मुलाच्या कानावर सापाविषयी फक्त दोनच गोष्टी पडत राहतील : एक, दूध पिणारा आणि सूड घेणारा साप, दुसरी, दिसला की ठेचायचा साप. दोन्ही चुकीच्या. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांपासून माणसाला काही धोका नाही. धामण तर शेतातले उंदीर खाते. मला जो वाढदिवस हवा आहे त्यात साप आहे, पण तो कुणाच्या हातात नाही. मुलाच्या हाती साप देण्याऐवजी मुलालाच साप होऊ द्या, असे माझे म्हणणे आहे. हे कसे करायचे, ते सांगतो. यासाठी खर्च जवळजवळ नाही, आणि मी भौतिकशास्त्राचा माणूस असल्यामुळे त्यात थोडे भौतिकशास्त्र येईल. ते तुमच्यासाठी आहे. लहान मुलांना त्यातले अक्षरही सांगू नका. त्यांना खेळू द्या.

पहिला खेळ सरपटण्याचा. फरशीवर मुलांना पालथे झोपवा. हात अंगाला चिकटवायचे, गुडघे जुळवायचे, आणि हातपाय न वापरता पुढे जायचे. गुळगुळीत फरशीवर मुले नुसती वळवळतील. पुढे फारशी जाणार नाहीत. आता त्याच जागी जाड सतरंजी अंथरा आणि तिच्यावर लोड व भरलेली पोती इकडेतिकडे ठेवा. लोडाला अंग टेकून रेटा दिला की शरीर पुढे सरकते, हे मुलांना दोन मिनिटांत उमगते. सापाचेही असेच असते. तो शरीराची वळणे दगड, गवताचे बुंधे, जमिनीचे उंचसखल भाग यांवर रेटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तीही त्याला उलट रेटतात आणि त्या प्रतिक्रियांची बेरीज त्याला पुढे नेते. म्हणूनच काचेवर साप गडबडतो. सापाच्या पोटाखालच्या खवल्यांचीही एक गंमत आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असे दिसले, की साप पुढे सरकताना घर्षण सर्वांत कमी असते, मागे घसरताना त्याहून अधिक आणि आडवे सरकताना सर्वांत अधिक. पाठ्यपुस्तकात आपण घर्षणाचा एकच गुणांक मांडून गणित सोडवतो; सापाला तीन लागतात!

दुसरा खेळ ऐकण्याचा. एक लांब लाकडी बाक घ्या. एका टोकाला मुलाने गाल टेकवून कान लाकडाला लावायचा, दुसरा कान हाताने झाकायचा, डोळे मिटायचे. दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने नखाने हळूच खरवडायचे : एकदा, दोनदा की तीनदा? हवेतून जो आवाज जेमतेम येतो, तो लाकडातून स्पष्ट ऐकू येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने तो याच्या दहापटीच्या घरात जातो. पण आवाज स्पष्ट येण्याचे कारण हा वेग नव्हे. हवेतून जाताना आवाज चहूकडे पसरून विरतो. लाकडात तो बाकाच्या लांबीत कोंडलेला राहतो आणि गालाच्या हाडातून थेट आत पोचतो. (वेग जास्त म्हणून आवाज मोठा, असे उत्तर परीक्षेत हमखास लिहिले जाते.) सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. त्याचा अंतर्कर्ण मात्र शाबूत आहे आणि तो हाडांवाटे खालच्या जबड्याशी जोडलेला आहे. जमिनीतून येणारी कंपने त्याला अशी कळतात. पुंगीच्या सुरांवर नाग डोलतो हा समज मग कुठला? तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. साप ठार बहिरा असतो हेही मात्र खरे नाही. २०१२ साली अजगराच्या एका आफ्रिकी जातीवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की हवेतून येणाऱ्या खालच्या पट्टीच्या आवाजाने त्याची कवटी कंप पावते आणि ते त्याला जाणवते.

तिसरा खेळ ‘ऊन-सावली’. तुम्ही ‘ऊन’ म्हटले की सगळे सरडे पळतील. ‘सावली’ म्हटले की हळूहळू मंद होतील. ‘रात्र’ म्हटले की निपचित पडतील. एवढेच. सरपटणारे प्राणी ‘थंड रक्ताचे’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि हा शब्दप्रयोग मला कधीच आवडला नाही. उन्हात शेकणाऱ्या काही सरड्यांचे रक्त आपल्या ३७ अंशांहून अधिक तापलेले असते. फरक तापमानात नसून उष्णता कुठून मिळवायची यात आहे. आपण ती अन्न जाळून तयार करतो. सरडा ती दगडावरून आणि सूर्याकडून घेतो. त्यामुळे आपले दोन वेळचे जेवण चुकत नाही आणि अजगर एकदा पोटभर खाल्ले की कित्येक आठवडे निवांत पडून राहतो. वाढदिवसाच्या पंक्तीत हे सांगायला हरकत नाही; मुलांना ते फार आवडते.

चौथा खेळ माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. फुरसे डिवचले गेले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि त्याच्या करवती खवल्यांतून खरखर असा आवाज निघतो. पॉलिश पेपरचे दोन तुकडे एकमेकांवर घासले की त्याची बरीचशी नक्कल होते. ‘स्टॅच्यू’ हा खेळ सगळ्या मुलांना येतो. त्यात एवढा बदल करा : मुले धावत-नाचत असताना तुम्ही कुठेतरी आडून पॉलिश पेपर घासायचा. आवाज आला की जागच्या जागी थिजायचे. मग आवाज कुठून आला ते डोळ्यांनी हेरायचे, त्या दिशेकडे तोंड ठेवून तीन पावले मागे सरायचे, आणि मोठ्याने ‘आई’ किंवा ‘दादा’ अशी हाक मारायची. जो सर्वांत मोठ्याने हाक मारील त्याला बक्षीस. पुढच्या फेरीत आवाज न करता नुसता कागदावर काढलेला साप दाराआडून दाखवा. तरीही तेच करायचे. थांबणे, मागे सरणे, हाक मारणे. रबरी सापाच्या खेळात हात पुढे जातो. या खेळात पाय मागे जातात. आणि यात कुणी घाबरत नाही, उलट पुन्हा पुन्हा खेळायचा हट्ट धरतात. शिक्षक मंडळींनी हा खेळ बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत घ्यावा, आणि तो घेण्याचे काम आठवी-नववीच्या मुलामुलींना द्यावे, अशी माझी सूचना आहे.

हाकेला धावून येणाऱ्या मोठ्यांनाही पुढचे ठाऊक हवे. साप दिसला तर काठी न शोधता वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. दंश झालाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, हालचाल करू द्यायची नाही आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठायचे. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष त्या चारही मुख्य सापांच्या विषावर चालते. ते मांत्रिकाजवळ नसते.

आता खऱ्याखुऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याविषयी. तो वाढदिवसाला हवाच असा आग्रह असेल, तर आमंत्रण न देताही तो आलेला असतो. संध्याकाळी खिडकीजवळचा दिवा लावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते. ती काचेच्या पलीकडे बसली तर नशीबच. तिच्या पायांचे तळवे आपल्याला अलीकडून दिसतात. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या मुलांना दाखवा. या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे फुटलेले असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकाच केसाचे बल मोजले. पाल डिंकाने चिकटत नाही आणि हवेच्या पोकळीनेही चिकटत नाही. रेणू-रेणूंमधील व्हॅन डर वाल्स बलाने चिकटते, याचा पुरावा त्यांनीच २००२ साली मांडला. अकरावीत ज्या बलाचे नाव तुम्ही एका ओळीत वाचून पुढे जाल, त्यावर ही बाई उलटी चालत असते. आपल्या घरातली पाल विषारी नसते. ती अन्नात पडली तर अन्न टाकून द्यावे, कारण तिच्या अंगावर रोगजंतू असू शकतात. पण म्हणून तिच्यामागे झाडू घेऊन धावण्याचे कारण नाही. मुलांना पाल पाहू द्या, पकडू देऊ नका. शेपटी तुटली तर ती पुन्हा येते हे खरे, पण तिला तिची किंमत मोजावी लागते.

खाण्याच्या पदार्थांवर मी फार बोलणार नाही. तो विषय तुमच्या आईचा आणि आजीचा. चकलीच्या सुटलेल्या टोकाला मिऱ्याचा डोळा लावला की वेटोळे घातलेला साप होतो, आणि काकडीला दातेरी काप दिले की मगर. चकलीचा साप हातात घेतला तरी माझी हरकत नाही. चकल्या शोधायला कुणी विटांच्या ढिगाऱ्यात जात नाही.

केक कासवाचा करणार असाल, तर मेणबत्त्या लावण्यापूर्वी एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती जन्माचीच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. मादी वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात ती आईविना. त्यांची लगबग पाहायला तिथे दरवर्षी लोक जमतात. ही अंडी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने सुरू केले. आता तुमच्यासाठी : या पिल्लाचा मुलगा व्हायचा की मुलगी, हे गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरते. २९-३० अंशांच्या आसपास समसमान. वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक, उबदार असेल तर माद्या अधिक. समुद्रकिनारे तापत चालले आहेत. एखाद्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे फक्त माद्याच जन्मल्या तर पुढे काय होईल, यावर विचार करायला तुम्हाला सुट्टीचा एक दिवस पुरणार नाही. मगरीचे लिंगही तापमानावरच ठरते, पण मगरीण आई म्हणून फार दक्ष असते. अंड्यातून निघालेली पिल्ले ती जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. लहान मुलांना ही दुसरी गोष्ट सांगा.

केक कासवाचा चालेल. भेट म्हणून कासव मात्र देऊ नका. मत्स्यालयाच्या दुकानांत कानाजवळ लाल पट्टा असलेली रुपयाएवढी कासवे विकायला असतात. ती अमेरिकेची. तिथे अशी चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे, कारण मुले ती तोंडाजवळ नेत आणि त्यांच्यावरच्या साल्मोनेला जंतूंनी आजारी पडत. आपल्याकडे घेतलेले कासव वर्षा-दोन वर्षांत बशीएवढे होते, घरात नकोसे होते, आणि कुणीतरी ते पुण्य म्हणून तळ्यात सोडतो. तिथल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा ते बळकावते. चांदण्यांच्या नक्षीचे स्टार कासव बाळगणे तर सरळ गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही संपूर्ण बंदी आली.

पाहुण्या मुलांना जाताना काही द्यायची रीत आहे. रबरी सापांचे जे पैसे वाचले, त्यांत प्रत्येकाला एक छोटी बॅटरी देता येते, आणि मुलाला तिच्याहून आवडते खेळणे मिळणे कठीण. वाढदिवस संपेपर्यंत अंधार पडलेला असतोच. दारात सगळ्यांच्या चपला झटकून घ्या, पायांत घाला, बॅटऱ्या लावा, आणि उजेड पुढे आणि पाय मागे अशी रांग लावून एकेकाला त्याच्या घरापर्यंत सोडून या.